पिशवीतले कागद

आवाज मागपर्यंत येतोय ना? बरं. मी काही वक्ता नाही हे आधीच सांगतो. बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ वर्षं वसुली खात्यात, म्हणजे ज्याचं तोंड बघायला नको असं लोकांना वाटायचं तो माणूस मी. रिटायर झाल्यापासून दर शनिवारी इथेच, वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसतो, कर्जाचा घोळ झालेले लोक येतात, फी नाही, चहा ज्याचा त्याने.

मागच्या पावसाळ्यात एक जण आला, पस्तीस-छत्तीसचा असेल, एमआयडीसीत कामाला. हातात साडीच्या दुकानाची पिशवी. टेबलावर ठेवली आणि म्हणाला, काका, यातलं मी काहीच उघडलेलं नाही. आत २३ पाकिटं, सगळी बंद. घरी सापडू नये म्हणून ही पिशवी तो कंपनीतल्या लॉकरमध्ये ठेवायचा, डब्याच्या शेजारी. मी विचारलं, घराचं लोन सोडून देणं किती असेल? म्हणाला, चार-साडेचार लाख. मग आम्ही फूटपट्टीने एकेक पाकीट फाडत बसलो, बेरीज निघाली सात लाख दहा हजार.

पण मला तो आकडा महत्त्वाचा नव्हता, मला महिन्याचा पाहिजे होता. तो असा. घराचा हप्ता ११,२००, पर्सनल लोन ७,४००, गाडी ३,१५०, मोबाईल आणि फ्रिजचा मिळून २,२००, क्रेडिट कार्डाचं मिनिमम ३,०००, पतसंस्था ५,५०० आणि मोबाईलवरच्या दोन लोन अ‍ॅपचे मिळून ६,८००. करा बेरीज. ३९,२५०. आणि पगार हातात येतो ३८,०००! म्हणजे पोटात काही न घालता, पोराची फी न भरता सुद्धा महिन्याला साडेबाराशे कमी. मला वाटलं आता हा रडतो की काय, तर तो माझ्याकडे बघून म्हणाला, म्हणजे माझंच काही चुकत नव्हतं, खरंच पुरत नव्हतं. दोन वर्षं हा माणूस स्वतःला उधळ्या समजत होता, चहा सोडला, तंबाखू सोडली, आणि गणितच मुळात बसत नव्हतं.

मी विचारलं, मग भरतोस कोणाचं आधी? उत्तर जे आलं ते मला निम्म्या लोकांकडून येतं: जो जास्त फोन करतो त्याचं. अ‍ॅपवाले दिवसाला वीस फोन करतात म्हणून त्यांचे आधी, आणि घराचे दोन हप्ते थकलेले, कारण बँकेचा माणूस बिचारा एकदाच फोन करतो आणि साहेब म्हणतो. आता बघा, घराचं लोन ९० दिवस थकलं की खातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते थकीत खात्यांत टाकते, त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते आणि मग घराचा ताबा घ्यायची प्रोसेस सुरू होते. अ‍ॅपच्या कर्जाला तारण काहीच नाही, तो फार तर कोर्टात जाईल आणि सिबिल, म्हणजे तुमचा कर्जफेडीचा रेकॉर्ड, खराब करेल. म्हणजे ज्याच्या हातात तुमचं घर आहे तो गप्प आणि ज्याच्या हातात काही नाही तो बोंबलतोय. वसुलीत होतो म्हणून सांगतो, तारण नसलं की आवाज हेच हत्यार असतं. तेव्हा आधी घर, घरातलं सोनं गहाण असेल तर ते, मग जिथे चेक दिलेत ते कारण चेक परत गेला की चेक बाउन्सचं कलम १३८ लागतं आणि ते फौजदारी आहे, ऑटो डेबिट बाउन्स होण्यालाही तसंच कलम आहे. बाकीचे त्यानंतर, कितीही ओरडू देत. नुसता हप्ता थकला म्हणून पोलीस घरी येऊन उचलून नेत नाहीत, फोनवर कोणीही काहीही म्हणो. ते देणं दिवाणी आहे, फसवणूक केली असेल तर गोष्ट वेगळी.

कार्डाचं एक सांगू दे, कारण तिथे सुशिक्षित लोक जास्त अडकतात, मास्तर सुद्धा. त्याच्या कार्डावर ६०,००० बाकी. व्याज महिन्याला ३.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४३ च्या वर. महिन्याचं व्याज झालं २,१६०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३८९, एकूण २,५४९. हा मिनिमम भरतो ३,०००. मुद्दलातून गेले किती? ४५१ रुपये. साठ हजारातून चारशे एक्कावन्न! आणि वर नवीन काही घेतलं की त्याला बिनव्याजी मुदत पण मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. बँकेबँकेचं गणित थोडं वेगळं असतं, पण स्टेटमेंट नीट वाचलं तर असंच काहीतरी निघतं. दुसऱ्या दिवशी त्याने बँकेत जाऊन ती बाकी ईएमआयवर करून घेतली आणि कार्ड माझ्यासमोर कापलं. कापायची गरज नव्हती खरं तर, ब्लॉक करता येतं, पण त्याला कापायचं होतं.

आता मदत कुठे मिळते. पहिलं ठिकाण तीच बँक, हे कोणालाच पटत नाही. लोक हप्ता थकायच्या आधी बँकेला तोंड दाखवत नाहीत आणि थकल्यावर तर रस्ता बदलून जातात. अहो, ९० दिवसांच्या आत गेलात तर मॅनेजरच्या हातात थोडंफार असतं, मुदत वाढवता येते, हप्ता कमी करता येतो. एकदा एनपीए झालं की फाईल वर जाते आणि तो तुमच्याइतकाच बांधलेला. जाताना साधा अर्ज न्या, पगाराची स्लिप, सगळ्या हप्त्यांची यादी आणि मी महिन्याला इतके भरू शकतो हा आकडा. पोच घ्या, शिक्का मारलेली. ह्या मुलाचं पर्सनल लोन असंच वाढवून मिळालं, ७,४०० चा हप्ता ४,६०० वर आला. एकूण व्याज जास्त जाणार हे त्यालाही कळतंय, पण आज श्वास पाहिजे.

दुसरं, प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक असते, आपल्या साताऱ्याला बँक ऑफ महाराष्ट्र, सांगली-कोल्हापूरला बँक ऑफ इंडिया. तिचं आर्थिक साक्षरता केंद्र असतं, तिथे फुकट सल्ला मिळतो. मी इतकी वर्षं बँकेत असून सांगतो, ह्या केंद्रांना लोकांनी विचारलंच नाही म्हणून ती नुसती बचतीचे मेळावे घेत बसली. जा आणि विचारा, विचारल्याशिवाय तीही सुधारणार नाहीत.

तिसरं, तक्रार. ह्यात एक घोळ सगळ्यांचा होतो म्हणून नीट ऐका. बँक किंवा फायनान्स कंपनी असेल तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ऑनलाइन करता येते, पैसे लागत नाहीत, माहितीसाठी नंबर १४४४८. पण पतसंस्था असेल तर रिझर्व्ह बँक तुमचं ऐकणार नाही कारण पतसंस्था तिच्याखाली येतच नाहीत, तिथे सहकार खात्याचे उपनिबंधक. आणि खासगी सावकार असेल तरी तेच सहकार खातं, जिल्हा उपनिबंधक, २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा. लायसन्स नसताना व्याजाने पैसे देणं हा त्यात गुन्हा आहे, आणि लायसन्सवाल्याला पण शेतकरी सोडून बाकीच्यांकडून तारणावर वर्षाला १५ आणि बिनतारणी १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, शेतकऱ्याला ९ आणि १२. आता तुम्ही हसताय, कारण आपल्याकडे दर महिना पाच आणि दहा टक्क्यांनी चालतात. माहितीये मला. जमीन सावकाराने खरेदीखत करून घेतली असेल तर ती परत मिळवायचीही तरतूद आहे त्या कायद्यात, फक्त तक्रार करावी लागते आणि तिथेच घोडं अडतं कारण सावकार आपल्याच आळीतला असतो.

वसुलीवाल्यांबद्दल. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना किंवा ऑफिसात फोन करून बदनामी नाही. अ‍ॅपने तुमच्या फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट घ्यायचीच नाही. ह्याच्या तर अ‍ॅपवाल्यांनी त्याच्या सासऱ्याला मेसेज टाकला होता, जावई चोर आहे म्हणून, फोटोसकट. आम्ही स्क्रीनशॉट काढले, कॉलची यादी वेळेसकट वहीत लिहिली, तक्रार टाकली. दोनपैकी एक अ‍ॅप कुठल्याच फायनान्स कंपनीला जोडलेलं निघालं नाही, त्याची तक्रार १९३० वर, सायबर पोलिसांकडे. दुसऱ्याचे फोन आठवड्यात थांबले. कर्ज माफ नाही झालं हां, हप्ता चालूच आहे, फोन थांबले.

आणि हो, लोक अदालतीची नोटीस आली की माणसं पांढरी पडतात. दाखलपूर्व असं लिहिलेलं असतं वर, म्हणजे अजून केस झालेलीच नाही, या आणि बोला एवढाच अर्थ. जरूर जा, व्याजात चांगली सूट मिळते तिथे. पण तिथे जे ठरतं त्यावर अपील नाही, ते कोर्टाच्या हुकमासारखंच असतं, त्यामुळे भावनेच्या भरात, पंधरा दिवसांत एक लाख भरतो साहेब, असं म्हणून सही करू नका. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्टाच्या आवारातच असतं, फोन १५१००, बायकांना तर उत्पन्न कितीही असलं तरी मोफत.

सेटलमेंटचा शब्द सगळ्यांना आवडतो. निम्म्यात मिटवून देतो म्हणणाऱ्या एजन्सी निघाल्यात, फी आगाऊ घेतात, हप्ते भरू नका म्हणतात आणि सहा महिन्यांनी फोन उचलत नाहीत. बँकेशी तुम्ही स्वतःच बोलू शकता. पण आधी बँकेच्या लेटरहेडवर रक्कम आणि तारीख घ्या, मग पैसे भरा, मग नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नाही असा दाखला, घ्या. आणि सिबिलला क्लोज्ड नाही, सेटल्ड असं पडतं, पुढे घराला लोन मागायला गेलात की तो शब्द आडवा येतो. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, काढून ठेवा, चूक असेल तर कळवा.

आता माझं सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा फार शहाणा. २०११ साली एका सहकाऱ्याने गाडीच्या सीटवर कागद ठेवून सही मागितली, पतसंस्थेत जामीन, दोन लाखांचं कर्ज. मी स्वतः वसुली खात्यात! दिवसभर जामीनदारांना नोटिसा काढायचो. केली सही. नाही कसं म्हणायचं, एकत्र डबा खायचो. दोन वर्षांनी सहकार कायद्याच्या कलम १०१ ची, म्हणजे वसुलीची, नोटीस माझ्या घरी आली, हिने सही करून घेतली आणि पोह्यांच्या डब्याखाली ठेवली. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, आधी त्याच्याकडून वसूल करा मग माझ्याकडे या असं म्हणता येत नाही, हे मी शंभर लोकांना ऐकवलेलं वाक्य मला त्या पतसंस्थेच्या पोराने ऐकवलं. पगारातून कापून गेले एक लाख शेहेचाळीस हजार. कायद्याने मित्राकडून मागता येतात मला ते. मागितले नाहीत. पण चार महिने मी ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं, पगाराची स्लिप पालथी ठेवायचो, तेव्हा कळलं की पिशवी लॉकरमध्ये का जाते.

१८७५ मध्ये शेजारच्या पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली आणि त्यांच्याकडचे रोखे, म्हणजे कर्जाचे कागद, काढून जाळले. पुढे इंग्रजांनी १८७९ ला कायदा केला, त्यात सलोखा घडवून आणणारे पंच नेमायची सोय होती, न्यायमूर्ती रानड्यांनीही त्या कायद्याखाली न्यायाधीश म्हणून काम केलं. मला त्यातलं एवढंच भावतं की त्या लोकांना भांडण कागदाशी आहे हे नेमकं कळलं होतं. आपण ते कागद सांभाळतो, पण वाचत नाही.

प्रश्न आलाय, दिवाळखोरी जाहीर करता येते का. २०१६ च्या कायद्यात सामान्य माणसासाठी, अगदी छोट्या कर्जदाराला नव्याने सुरुवात करून देणारी सुद्धा तरतूद लिहिली आहे, पण तो भाग तुमच्या-माझ्यासाठी अजून लागूच केलेला नाही. राहतो १९२० चा इंग्रजांच्या वेळचा कायदा, जिल्हा कोर्टात अर्ज, वर्षं जातात. त्या नादाला लागायच्या आधी विधी सेवावाल्यांना विचारा.

मागच्या ताई विचारतायत, त्या मुलाने बायकोला सांगितलं का. सांगितलं. तिसऱ्या शनिवारी ती स्वतः आली, त्याच्याआधी. भयंकर चिडलेली, कर्जावर नाही, लॉकरवर. तिने यादी हातात घेतली, भिशी बंद केली, फ्रिजचा हप्ता तिच्या शिवणाच्या पैशातून जाईल म्हणाली आणि पतसंस्थेत स्वतः जाऊन बोलून आली. अजून सुटलेले नाहीत ते, घराचा थकलेला एक हप्ता बाकी आहे. आणि ताई, कोणाच्या मनात जिवाचं काही बरंवाईट येत असेल तर कर्जाचं राहू दे, आधी १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, मराठीत बोलतात, रात्री पण.

शनिवारी चार ते सहा आहे मी मागच्या खोलीत. पाकिटं उघडून आणायची गरज नाही, फूटपट्टी आहे माझ्याकडे.