व्हिक्टोरिया सरोवराचं दुखणं आणि काठावरचं मक्याचं रान

श्रोतेहो, नमस्कार.

आज पूर्व आफ्रिकेत, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी जाऊ. सरोवर म्हटलं की पलीकडचा काठ दिसणारं तळं डोळ्यांपुढे येतं. हे तसं नव्हे. याचं पाणी सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटरवर पसरलंय, महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून जास्त जागेवर. टांझानिया, युगांडा आणि केनिया या तीन देशांनी ते वाटून घेतलंय, पण केनियाच्या वाट्याला जेमतेम सहा टक्के आलं. एवढं अफाट असूनही ते उथळ आहे, सरासरी खोली चाळीस मीटर. उथळ पाण्याला घाण पचवणं जड जातं, हे पुढचं ऐकताना ध्यानात असू द्या.

केनियाच्या बाजूला विनाम नावाचं आखात आहे आणि त्याच्या काठी किसुमू शहर. आसपासची वस्ती मुख्यतः लुओ लोकांची. इथे कोळी आणि शेतकरी अशी दोन वेगळी घरं शोधायला गेलात तर फसाल. बऱ्याच घरांत नवरा रात्री होडीवर असतो, बायको सकाळी मासळी विकते आणि दुपारी मक्यात खुरपते. सरोवरातली मासळी आटली तर रानावर भार पडतो आणि रान धुपलं तर सरोवर आजारी पडतं. सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी मासळी पाहू. गरिबाच्या ताटातला मासा म्हणजे ओमेना. बोटभर लांबीचा, चंदेरी. कोकणात जवळ्याला आणि सुकटीला जो मान, तोच तिथे ओमेनाला. धरायचा तो अंधाऱ्या रात्री. तराफ्यावर दिवा ठेवून पाण्यात सोडतात, उजेडाला मासळी गोळा होते, मग बारीक आसाचं जाळं टाकून ओढतात. चांदण्या रात्री दिव्याचा प्रभाव पडत नाही, म्हणून पौर्णिमेच्या आसपास धंदा मंदावतो. पहाटे होड्या लागल्या की बायका माल घेतात आणि बाजारात तो गोरोगोरो नावाच्या पत्र्याच्या डब्याने मोजून विकतात.

नुकसान सुरू होतं ते वाळवताना. माल थेट वाळूत पसरला तर दाताखाली कचकच येते आणि भाव पडतो. जुनं जाळं अंथरून वर पसरला तर थोडं बरं, पण खालून हवा लागत नाही. खरा उपाय म्हणजे मांडव. कमरेएवढ्या उंचीच्या खुंट्यांवर बारीक जाळी ताणायची, मासळी एकाच थरात पसरायची, थर चढू द्यायचा नाही आणि उन्हात अधूनमधून परतत राहायची. कडक ऊन असेल तर दिवसभरात माल तयार होतो. पण पावसात दोन दिवस ओला राहिला की वास धरतो, आणि मग माणसाच्या ताटाऐवजी कोंबड्यांच्या खाद्यात, मातीमोल भावाने जातो. ज्या बाईने पहाटे रोख पैसे मोजून तो घेतला, तिचं भांडवल तिथेच बुडतं.

आता सरोवराच्या पोटात काय बिघडलं ते पाहू. १९५० च्या दशकात नाईल पर्च हा प्रचंड मोठा मासा बाहेरून आणून इथे सोडला गेला. लुओ त्याला म्बुटा म्हणतात. १९८० च्या दशकात तो बेसुमार वाढला आणि फुलू नावाच्या लहान माशांच्या शेकडो जातींपैकी कितीतरी नाहीशा झाल्या. निर्यातीचे कारखाने उभे राहिले. माशाचं मांस परदेशी जाऊ लागलं आणि काठावरच्या बाजारात उरला तो सांगाडा. स्वाहिलीत त्याला म्गोंगो वाझी, म्हणजे उघडी पाठ म्हणतात. लोक तो तळून खातात.

यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. फुलू उन्हात वाळायचा. म्बुटा तेलकट आणि जाड, तो उन्हात वाळत नाही, त्याला धुरी द्यावी लागते. धुरीला सरपण लागतं. म्हणजे सरोवरातला मासा बदलला आणि कुऱ्हाड काठावरच्या झाडांवर चालली. झाडं गेली तसा मातीचा आधार गेला. न्यांदो नदीच्या खोऱ्यात माणूस उभा मावेल एवढ्या घळी पडल्यात, आणि पावसाळ्यात नदी विनाम आखातात शिरते ती तांबूस गढूळ होऊन.

त्या मातीबरोबर स्फुरद, म्हणजे फॉस्फरस हे खतातलं द्रव्य येतं. शहरांचं सांडपाणी त्यात भर घालतं. शेतं आणि माळ पेटवल्यावर उडणाऱ्या धुरा-राखेतूनही स्फुरद पाण्यावर पडतं. स्फुरद वाढलं की शेवाळ माजतं. ते मरून तळाशी कुजतं आणि खोल पाण्यातला प्राणवायू संपतो.

अशा खत घातलेल्या पाण्यात जलपर्णी न फोफावली तरच नवल. पुण्याच्या मुळा-मुठेकाठी किंवा कोल्हापुरात पंचगंगेकाठी राहणाऱ्यांना तिची ओळख करून द्यायला नको. वनस्पती तीच, मूळची दक्षिण अमेरिकेची. १९९० च्या दशकात विनाम आखातात तिचे थर एवढे दाट झाले की होड्या धक्क्याला लागेनात. त्यावर निओकेटिना नावाचे भुंगे सोडले गेले. भारतात ते १९८० च्या दशकातच बंगळुरूकडच्या तळ्यांत सोडले होते. हा भुंगा पान कुरतडतो आणि त्याची अळी देठातून पोखरत गाभ्यापर्यंत जाते. देठ सडला की त्यात पाणी शिरतं आणि झाड बुडतं. १९९० चं दशक संपता संपता विनाममधली जलपर्णी खूप घटली, पण पुढे ती परत आली. तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, आणि खत तर नद्या दर पावसाळ्यात आणून घालतातच.

मासळी कमी झाली की कायद्याचा बडगा आधी लहान होडीवर पडतो. केनियात एप्रिल ते जुलै ओमेनाची मासेमारी बंद असते. युगांडाने २०१७ पासून लष्कर उतरवलं, होड्या आणि जाळी जाळली गेली. बारीक आसाची जाळी पिल्लं संपवतात हे खरंच, आणि नियम हवेतच. पण माझं मत स्पष्ट आहे: नदीतून येणारी माती तशीच चालू ठेवून नुसती जाळी जाळणं म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याच्याकडून सगळी वसुली करणं. मासळी घटल्याचा सगळ्यात वाईट मार तर विक्रेत्या बायकांना बसतो. माल मिळावा म्हणून होडीवाल्याशी शरीरसंबंध ठेवायला लागण्याची जाबोया नावाची प्रथा याच टंचाईवर पोसली गेली, आणि तिच्यासोबत एचआयव्ही घराघरांत शिरला.

एप्रिल ते जुलै हेच मोठ्या पावसातल्या मक्याचे महिने. म्हणजे ओमेनाची होडी बंद असताना घर जास्त करून रानावर विसंबून. आणि रानात बसलाय कायोंगो, पिकाच्या मुळांवर जगणारं तण. आपल्या ज्वारीवाल्यांना तो टारफुला म्हणून ठाऊक आहे. तिथल्या टारफुल्याला जांभळी फुलं येतात. मक्याच्या मुळातून झिरपणाऱ्या रसाची चाहूल लागली की त्याचं बी रुजतं आणि मुळाला चिकटून रस ओढतं. रोप जमिनीवर दिसेपर्यंत मका खुरटलेला असतो, म्हणून फुलं आल्यावर उपटण्यात उशीर झालेला असतो. एकेक रोप हजारोंनी बी टाकतं. जोडीला खोडकिडा आहे. त्यातली एक जात आशियातून गेलेली, आपल्याच मका-ज्वारीवरची.

याच काठावर, म्बिता इथे, इसिपे या कीटकविज्ञान संस्थेचं केंद्र आहे. तिथे झियाउर खान या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसोबत एक पद्धत बसवली. तिला ढकल-ओढ म्हणूया. मक्याच्या दोन ओळींत पाऊण मीटर अंतर ठेवायचं आणि मधल्या पट्ट्यात डेस्मोडियम हा शेंगवर्गातला वेल पेरायचा. शेताभोवती नेपियर गवताच्या तीन ओळी लावायच्या. डेस्मोडियमच्या वासाने किड्याचा पतंग मक्यापासून दूर जातो आणि नेपियरच्या वासाने तिकडे ओढला जातो. तो तिथे अंडी घालतो, पण नेपियरच्या चिकट रसात अळ्या अडकून मरतात. डेस्मोडियमची मुळं जमिनीत असे रस सोडतात की टारफुल्याचं बी रुजतं खरं, पण मक्याला चिकटू शकत नाही आणि मरतं. शिवाय वेल जमीन झाकतो, नत्र देतो आणि माती धरून ठेवतो.

चुका कुठे होतात? डेस्मोडियमचं बी फार बारीक असतं. ते बारीक वाळूत मिसळून, अगदी उथळ चरीत, पहिल्या पावसालाच पेरावं. खोल गेलं तर उगवत नाही, उशीर झाला तर मका त्याला सावलीत दाबतो. पहिल्या दोन खुरपण्या हाताने आणि जपून कराव्या, कारण कोवळं डेस्मोडियम तण समजून उपटलं जातं. नेपियर आणि मका यांत मीटरभर मोकळी जागा हवी, नाहीतर गवतच मक्याचं अन्न खातं. वेल बहुवर्षीय आहे. पुढच्या हंगामात रान सरसकट नांगरलं तर सगळं मुसळ केरात, म्हणून फक्त मक्याच्या ओळी कुदळाव्या. जिथे पाऊस कमी तिथे नेपियरऐवजी ब्रॅकिआरिया गवत आणि हिरव्या पानांचं डेस्मोडियम लावतात.

मला ही पद्धत मोलाची वाटते, कारण ती शेतकऱ्याला सरोवरासाठी त्याग करायला सांगत नाही. तो मक्यासाठी आणि गाईच्या चाऱ्यासाठी ती करतो. माती बांधावर अडते ती आपोआप.

अडचण बियाण्याची. ते महाग, आणि वेळेवर मिळेलच असं नाही. पण जुन्या वेलाचे पेर जमिनीला टेकतात तिथे मुळं फुटतात. असे मुळावलेले तुकडे पावसाच्या दिवशी कापून, ओल्या पोत्यात गुंडाळून त्याच दिवशी लावले तर धरतात. म्हणून एका शेतात वेल चांगला बसला की शेजारची बाई पुढच्या पावसात विळा आणि पोतं घेऊन बांधावर येऊन उभी राहते.