काळ्या जमिनीवरचे घर आणि भिंतीवरची भेग

नमस्कार, श्रोतेहो.

वैशाखात मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या काळ्या रानातून चालताना जमिनीला पडलेल्या भेगा आपण पाहतो. काही भेगांत हात कोपरापर्यंत सहज जातो. त्याच मातीवर उथळ पाया घेऊन घर बांधले असेल, तर ही भेग रानात थांबत नाही, ती भिंतीवर चढते.

काळा पाषाण झिजून झालेल्या या मातीतले चिकण खनिज पाण्याने फुगते आणि सुकले की आकसते. घराच्या मध्याखालची माती छपराच्या आडोशाने बऱ्यापैकी ओलसर राहते, भिंतीलगतची माती मात्र उन्हाळ्यात वाळते. म्हणून कोपरे खाली बसतात आणि मधला भाग जागेवर राहतो. सगळे घर सारखे खचले असते, तर भिंतींना फारसे दुखणे नव्हते.

प्रत्येक भेग पायाची नसते. गिलाव्यावर जाळीसारख्या पसरलेल्या केसाएवढ्या रेघा बहुधा गिलाव्याच्याच असतात. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यापासून तिरकी निघणारी, वर रुंद होत जाणारी आणि भिंतीच्या दोन्ही अंगांनी दिसणारी भेग मात्र पायाकडे बोट दाखवते. पावसाळ्यात दार अडकले तर लाकूड फुगले म्हणून सोडून देता येते. पण तेच दार भर उन्हाळ्यात, लाकूड आकसायच्या दिवसांत अडकू लागले, तर चौकटच ओळंब्यातून गेली आहे असे समजावे.

अशा वेळी दिवाळीच्या तोंडावर पुट्टी भरून रंग मारणे हा आपल्याकडचा लाडका उपाय आहे, आणि पुढच्या उन्हाळ्यात भेग त्याच जागी पुन्हा उघडते. त्याऐवजी गिलावा थोडा खरवडून, भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोके सिमेंटने पक्की करावीत आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहावी. काच तडकली, तर भिंत अजून हलते आहे. निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा हे निरीक्षण चालू ठेवावे. भेग झपाट्याने रुंदावत असेल किंवा भिंत कलत असेल, तर मात्र वाट पाहू नये. स्थापत्य अभियंत्याला लगेच बोलवावे.

खर्चाच्या दुरुस्तीआधी पाणी आवरावे. मोरीची फुटलेली नळी, भिंतीलगतचा शोषखड्डा, छपराचे जोत्याशीच पडणारे पाणी आणि भिंतीला खेटून लावलेले मोठे झाड, जे उन्हाळ्यात मातीतला ओलावा ओढून घेते, यांचा आधी बंदोबस्त करावा. घराभोवती दीड-दोन मीटर रुंदीचा, बाहेर उतार दिलेला फरसबंदीचा पट्टा केला की कडेच्या मातीचा ओलावा फारसा बदलत नाही. अनेक घरांचे दुखणे एवढ्यावरच थांबते.

तरीही काच तडकत राहिली, तर पाया खाली न्यावा लागतो. हे काम साधारण मीटरभर लांबीच्या, एकाआड एक तुकड्यांनी करतात. आधीचा तुकडा काँक्रीटने भरून पुरेसा घट्ट झाल्याशिवाय शेजारची माती उकरायची नाही. सलग चर खोदून दोन दिवसांत काम उरकून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे परत पाठवावे, कारण उघड्या चरावर भिंत अधांतरी राहते. पाया झाल्यावर नवी काच लावावी, आणि ती पुढच्या वैशाखापर्यंत शाबूत राहिली की मगच फुटक्या विटा काढून, नव्या विटांनी सांधून भेग बुजवावी.