दानं : दोन अक्षरांची किल्ली

(दृश्य : कार्ले लेणी. चैत्यगृहातली खांबांची रांग.)

एकवीरा आईच्या दर्शनाला आलेली माणसं शेजारच्या लेण्यातही डोकावतात. खांबावर हात टेकवला तर बोटांखाली अक्षरं लागतात. ब्राह्मी अक्षरं. शेकडो वर्षं ती कुणालाच वाचता येत नव्हती. नाशिकची लेणी तर आपण सरळ पांडवांच्या नावावर करून टाकली!

याच लिपीचं जुनं रूप दिल्लीच्या स्तंभावर आहे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने हा स्तंभ हरियाणातल्या टोपऱ्याहून दिल्लीला आणवला. पण त्यावरचा मजकूर वाचणारा पंडित काही त्याला मिळाला नाही.

(दृश्य : सांची. स्तूपाचा दगडी कठडा.)

साल १८३७. कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंचा कस पाहणारा जेम्स प्रिन्सेप. त्याच्यासमोर सांचीच्या कठड्यावरच्या छोट्या छोट्या लेखांचे ठसे होते. ओळी वेगवेगळ्या, पण बहुतेकींची शेवटची दोन अक्षरं तीच. प्रिन्सेपने ताडलं, की हा सलग मजकूर नाही. देवळाच्या पायरीवर देणगीदारांची नावं कोरतात ना, तसलं काहीतरी आहे. मग शेवटी शब्द कोणता असणार?

दानं.

'द' मिळाला, 'न' मिळाला, अनुस्वाराचं टिंब मिळालं. त्याच्या आधी वारंवार येणारा 'स' सौराष्ट्राच्या नाण्यांमुळे ओळखीचा झालाच होता. पालीतला षष्ठीचा प्रत्यय. म्हणजे अमक्याचं दान, तमकीचं दान.

श्रेय एकट्याचं नव्हे. आदल्याच वर्षी ख्रिस्तियन लासेन या अभ्यासकाने अगाथोक्लिस या इंडो-ग्रीक राजाच्या नाण्यावरचं ग्रीक नाव दुसऱ्या बाजूच्या ब्राह्मी अक्षरांशी जुळवलं होतं. पण कुलूप खऱ्या अर्थाने उघडलं ते सांचीत.

मग दिल्लीचा स्तंभ बोलू लागला : 'देवानंपिये पियदसि लाजा हेवं आहा', देवांचा प्रिय प्रियदर्शी राजा असं म्हणतो. हा राजा म्हणजे अशोक, हे श्रीलंकेतल्या पाली ग्रंथांवरून तिथला ब्रिटिश अधिकारी जॉर्ज टर्नर याने दाखवून दिलं. गंमत बघा, सम्राटाच्या भल्यामोठ्या आज्ञा वाचता आल्या त्या साध्यासुध्या दात्यांच्या एका ओळीमुळे.

(दृश्य : पुन्हा कार्ले. खांबावरचा लेख जवळून.)

आता हा खांब वाचू. 'धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं.' धेनुकाकट गावच्या सिहधय नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक किंवा परदेशी माणसाने, दिलेला खांब. शेवटी तीच दोन अक्षरं.

हे धेनुकाकट नेमकं कुठे होतं, यावर अभ्यासक अजून भांडताहेत.