नावाडणीचा नकार

(रंगभूमी दिनाच्या संध्याकाळी सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नाटकवाल्यांच्या दिवशी तुम्ही एका फासे टाकणाऱ्या माणसाला बोलावलंत. संयोजकांनी फोनवर माझ्या खेळाबद्दल विचारलं होतं, "लुडोसारखंच का हो ते?" म्हटलं, नाही, जरासं विष्णुदास भाव्यांसारखं.

1843 साली याच गावात 'सीता स्वयंवर' झालं, तेव्हा पात्रांना संवाद लिहून दिलेले नव्हते. पदं सूत्रधार म्हणायचा आणि त्यातला प्रसंग पात्रं आयत्या वेळी आपल्या शब्दांत बोलायची. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. त्याचीही रीत हीच. एक सूत्रधार असतो, त्याला आम्ही डीएम, म्हणजे डंजन मास्टर, म्हणतो. तो जग उभं करतो आणि राक्षसापासून पानवाल्यापर्यंत उरलेली सगळी माणसं तोच बोलतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. एखादी गोष्ट जमेल की फसेल अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा पडतो. प्रेक्षक तेवढे नसतात. विश्रामबागेत गच्चीवरच्या एका खोलीत दर रविवारी आम्ही सहा जण बसतो, आणि डीएम मी.

तर, प्रेम. राक्षस मारणं सोपं असतं, तलवारीनं किती इजा होते ते पुस्तकात छापलेलं आहे. पण कुणाचं पात्र कुणावर भाळलं की टेबलावर लगेच खोकला सुटतो. एकाला मोबाइल बघायचा असतो, दुसऱ्याला चिवडा हवा असतो. मिशीवाल्या गड्यानं प्रेमात पडलेली राणी रंगवली तर हशा ठरलेला. बालगंधर्व ज्या जिल्ह्यातल्या नागठाण्याचे, तिथं तरी हसू नये असं मला वाटतं. पण हसतात.

या अवघडलेपणावर मी पहिल्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक रविवार चालणाऱ्या आमच्या पहिल्या कथेत, फार वाईट उपाय केला. आमच्यातला एक जण हळदीच्या अडतीत हिशेब बघतो. त्याच्या धनुर्धाऱ्याचं एका लोहाराच्या मुलीशी जुळलं होतं. चार महिने तो मला मधल्या वारी मेसेज करून विचारायचा, तिला गाता येतं का, तिचा बाप तापट आहे का. मला वाटलं, इतका जीव गुंतलाय तर कथेला जोर आणू. एका रविवारी मी म्हणालो, "तुम्ही परत येता तेव्हा गाव जळालेलं असतं. ती वाचलेली नाही." त्यानं फासे पिशवीत टाकले, नाडी ओढली आणि विचारलं, "मग आता सूड घ्यायचा का?" पावती फाडायची का असं विचारतात ना, त्या सुरात.

माझं काय चुकलं ते मला 'नाट्यशास्त्रा'त सापडलं. भरतांनी शृंगाराचे दोन भाग केलेत, संभोग आणि विप्रलंभ. संभोग म्हणजे मीलन, विप्रलंभ म्हणजे विरह. मग करुणात आणि विरहात फरक काय, दोन्हीकडे रडणंच की! ते सांगतात, विप्रलंभ सापेक्ष असतो, त्यात आशा शिल्लक असते. करुण निरपेक्ष, तिथं आशा संपलेली. मी त्या पोराच्या शृंगाराचा एका वाक्यात करुण करून टाकला होता, तोही त्याला न विचारता. मेलेल्या माणसाशी खेळाडू काय बोलणार? त्याच्या हातात फक्त सूड उरतो, आणि सूड म्हणजे पुन्हा राक्षस मारणंच.

दुसऱ्या कॅम्पेनमध्ये मी हरिपूरसारखा एक संगम केला आणि तिथं एक नावाडीण ठेवली. हाच खेळाडू, या वेळी त्याचा बुटका योद्धा, तिच्यात गुंतला. एका सेशनला त्यानं तिला विचारलंच, आणि फासा उचलला. मी म्हटलं, "ठेव खाली." सगळे माझ्याकडे बघायला लागले. पात्राचे गुण आकड्यांत लिहिलेला कागद प्रत्येकाकडे असतो; त्याच्या कागदावर मोहकतेचा आकडा चांगला होता, त्याचा हक्कच होता म्हणा ना. पण फाशानं दार उघडतं, पहारेकरी गंडतो. एखादी बाई आयुष्यभराचं हो म्हणेल का, हे फाशावर ठेवलं की ती बाई दारासारखीच होते. 'चार्म पर्सन' हा समोरच्याला भुलवणारा मंत्र बघा. या खेळाच्या 2014 च्या नियमांत तो तासभर टिकतो आणि उतरला की समोरच्याला कळतं, आपल्यावर मंत्र टाकला होता. नियम लिहिणाऱ्यांनाही ते प्रेम वाटत नव्हतं.

फासा टाकायचाच असेल तर आपल्याच माणसाच्या मनावर टाकावा. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या 1985 च्या 'पेंड्रॅगन' या अशाच दुसऱ्या खेळामध्ये सरदाराच्या प्रेमालाच आकडा असतो. बाका प्रसंग आला की त्या आकड्यावर फासा पडतो. लागला तर अंगात दहा हत्तींचं बळ, फारच उलटा पडला तर सरदार वेडापिसा होऊन रानात निघून जातो. समोरचीला काय वाटावं, हे तो फासा ठरवत नाही.

तर नावाडीण म्हणाली, "तू डोंगरातला. तुझ्या लोकांत मी गुदमरेन, आणि नदी सोडली तर मी मीच राहणार नाही." तो बराच वेळ गप्प बसला. खोकला आला नाही कुणाला. मी घाई केली नाही. खालच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला तेवढा आवाज. मग आमच्यातली एक मुलगी, तिचं पात्र चोर, म्हणाली, "मी त्याच्या शेजारी जाऊन बसते." बस्स, एवढंच. त्या सेशनला एकही लढाई झाली नाही.

हे जमायला आधी बोलून घ्यावं लागतं. असे खेळ रचणारे रॉन एडवर्ड्स यांनी रेषा आणि पडदा अशी सोपी वाटणी केली आहे. रेषेपलीकडचं खेळात येणारच नाही; पडद्यामागचं घडेल, पण दाखवायचं नाही. पडदा सांगलीकराला मी काय समजावू! आमच्याकडे फसवणूक रेषेपलीकडे आहे, कारण एकाचं लग्न तशाच पायी मोडलं. त्यानं कारण सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं. पुढं कधीतरी चहा पिताना तोच बोलला. पात्राचं दुःख खेळाडूत उतरतं किंवा खेळाडूचं पात्रात, त्याला परदेशात ब्लीड म्हणतात. आम्ही पाझर म्हणतो. पाझर म्हटलं की आपल्या गावात लोक आधी कृष्णेची पातळी विचारतात, ते सोडा. थोडा पाझर हवाच, नाहीतर रविवारी जमायचं कशाला? पण सेशन संपल्यावर मी दहा मिनिटं कुणाला उठू देत नाही. पात्रांची नावं बंद, एकमेकांना खऱ्या नावानं हाक मारायची आणि भडंग संपवायचं.

एकच अडचण राहिली होती. पुढच्या सगळ्या वाटा नदीपलीकडे होत्या आणि नाव तिचीच. खेळाडूनं विचारलं, "पूल नाही का?" म्हटलं, नाही. मग तो म्हणाला, "ठीक आहे, मी मागच्या बाजूला बसतो." नाव पलीकडे लागली. नावाडणीनं सगळ्यांकडून दोन-दोन तांब्याची नाणी घेतली, त्याच्याकडूनही घेतली. त्यानं ती मोजून दिली आणि आपल्या कागदावर खोडून शिल्लक लिहिली.