राणी झाशी पलटणीच्या कॅप्टन लक्ष्मी

श्रोते हो, नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागाला फौज परकी नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे भरती, परेड आणि पेन्शन हे शब्द आपल्या घराघरांत रुळले आहेत. आज बोलायचे आहे ते मात्र स्त्रियांची पलटण उभी करणाऱ्या एका डॉक्टरविषयी.

१९१४ साली मद्रासमध्ये जन्मलेल्या लक्ष्मी स्वामिनाथन १९४० मध्ये सिंगापूरला गेल्या आणि तेथील गरीब भारतीय मजुरांवर उपचार करू लागल्या. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले. पुढच्या वर्षी जुलैमध्ये तेथे आलेल्या सुभाषबाबूंनी आझाद हिंद सेनेत स्त्रियांची पलटण उभारण्याची कल्पना मांडली, तेव्हा अवघ्या काही दिवसांत वीसेक स्त्रियांनी साडी नेसून, जड रायफली पेलत त्यांना मानवंदना दिली. २२ ऑक्टोबर १९४३ रोजी राणी झाशी पलटणीची छावणी सुरू झाली.

त्यानंतरचे काम अधिक कठीण होते. मलायातील रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या मुली या पलटणीत मोठ्या संख्येने होत्या. त्यांतील कित्येकींनी भारत कधी पाहिलाही नव्हता. मुलीला छावणीत धाडायचे म्हणजे आधी घरच्यांची मनधरणी करणे आले. हुकूम हिंदुस्थानीत सुटत, आणि ते समजण्यासाठी मुलींना आधी ती भाषा शिकावी लागे. घरी मराठी, बाजारात कानडी आणि बराकीत हिंदी बोलणाऱ्या आपल्या माणसांना ही कसरत वेगळी सांगायला नको. कवायत, नेमबाजी आणि पाठीवर बोजा घेऊन केलेली लांब पल्ल्याची चाल या शिक्षणातून मुली तयार झाल्या, काहींना शुश्रूषेचे काम शिकवले गेले.

१९४४ मध्ये पलटण ब्रह्मदेशात पोहोचली. या स्त्रिया इंफाळच्या आघाडीवर लढल्या असे व्याख्यानांतून पुष्कळदा ऐकू येते, पण ते खरे नाही. मोहीम फसली आणि त्यांना आघाडीवर उतरवण्याची वेळच आली नाही. त्यांच्या वाट्याला आले ते मेम्योच्या इस्पितळातील जखमी, हिवतापाने आणि हगवणीने खंगलेले सैनिक आणि वरून होणारे बाँबहल्ले. माझ्या मते लक्ष्मींच्या नेतृत्वाची खरी कसोटी तेथे लागली. १९४५ मध्ये माघारीच्या काळात त्या इंग्रजांच्या हाती सापडल्या आणि १९४६ मध्ये त्यांना भारतात आणले गेले.

आझाद हिंद सेनेतील अधिकारी प्रेम सहगल यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांनी कानपूरला दवाखाना थाटला, आणि १९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्या सीमेवरील छावण्यांत पुन्हा रुग्णसेवेला उभ्या राहिल्या.