सुराची आस मोजणारा माणूस

मध्यरात्र उलटली आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वॉलेस सॅबिन ऑर्गनची एक नळी वाजवतात, थांबवतात आणि कान देऊन बसतात. सूर पुरता विरायला साडेपाच सेकंद लागतात. थांबल्यावरही सूर घुमत राहतो, ती त्याची आस. दिवसा इथे वक्ता पुढचं वाक्य बोलू लागायचा, तरी मागचे शब्द भिंतींवर आपटतच असायचे. कुणाला काही धड कळायचं नाही.

१८९५ मध्ये विद्यापीठाने या तरुण प्राध्यापकाला उपाय शोधायला सांगितलं. सॅबिननी शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या आणल्या. रात्री आणायच्या, मोजमाप करायचं, सकाळच्या आत परत. गाद्या वाढल्या की सुराची आस तोकडी व्हायची. मग ध्यानात आलं की अंगावरचे कपडेही आवाज शोषतात. कपडे बदलले की आकडा बदलतो. ३,००० हून अधिक नोंदी त्यांनी टाकून दिल्या आणि पुढे मोजताना दरवेळी तेच कपडे घातले. खोलीचं आकारमान आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू यांवरून आस किती राहील, हे सांगणारं सूत्र त्यांनी यातून काढलं. त्या सूत्रापेक्षाही मला हा प्रामाणिकपणा मोठा वाटतो.

याच हिशेबावर १९०० मध्ये बोस्टनचा सिंफनी हॉल उभा राहिला. प्रेक्षकांनी भरला की इथली आस दोन सेकंदांच्या किंचित आत असते.

पण कानाला एवढंच पुरत नाही. परतलेला आवाज मूळ आवाजामागोमाग, साधारण सेकंदाच्या विसाव्या भागात पोचला, तर कान त्याला वेगळा धरत नाही. सूर भरीव होतो. उशिरा आणि जोरात आला, तर प्रतिध्वनी. आणि दोन्ही बाजूंनी आला, तर संगीत आपल्याला वेढून घेतं. हे बाजूच्या भिंतींचं मर्म न्यूझीलंडचे ध्वनितज्ज्ञ हॅरल्ड मार्शल यांनी १९६७ मध्ये मांडलं. बोस्टनचा हॉल अरुंद, खोक्यासारखा. तिथे ते आधीपासूनच घडत होतं.

वादकांनाही हा परतीचा आवाज हवा असतो. तो मिळाला नाही, तर व्हायोलिनवर गज उगाच दाबला जातो, गायक गळा ताणतो. फार रेंगाळला, तर लय ओढली जाते.

तालमीच्या वेळी हॉल रिकामा असतो आणि जास्त घुमतो. कार्यक्रमाला अडीच हजारांवर माणसं येऊन बसतात, बोस्टनच्या थंडीत लोकरी कपड्यांनिशी. तोच तुकडा आता कोरडा ऐकू येतो. तालमीत दोन सुरांमध्ये सोडलेली जागा वादकांना तिथल्या तिथे पुन्हा ठरवावी लागते.