चार उभे, तीन आडवे

नमस्कार श्रोतेहो.

आज मला नक्षीबद्दल बोलायचंय, आणि रेडिओवर नक्षी दाखवता येत नाही. म्हणून तुमची थोडी मदत लागेल. जवळ पलंगावर चादर असेल, खिडकीला पडदा असेल, अंगावर छापील साडी असेल, तर त्यातलं कुठलंही एक फूल निवडा आणि त्यावर बोट ठेवा. आता अगदी तेच फूल, त्याच वळणाच्या देठासकट, पुन्हा कुठे येतंय ते शोधा. सापडलं? त्या दोन फुलांमधल्या अंतराला आम्ही ‘रिपीट’ म्हणतो. मी टेक्स्टाइल डिझाइन शिकते. गेली चार वर्षं माझा बराचसा वेळ त्या अंतरातच गेला आहे.

पहिल्या वर्षी वाटायचं, फूल सुंदर काढलं की काम झालं. मी जास्वंद काढली होती. तीन आठवडे खपून, एकेक पाकळी जलरंगात. मग ती छपाईच्या स्क्रीनवर, म्हणजे चौकटीत ताणलेल्या जाळीवर, चढवली आणि पाच मीटर मांजरपाटावर छापली. कापड भिंतीवर टांगलं आणि मागे सरकून बघितलं, तर फुलं दिसेचनात! दिसत होती ती फुलांमधून तिरकी जाणारी एक पांढरी गल्ली, वरपासून खालपर्यंत. एका फुलाशेजारी राहिलेली बोटभर मोकळी जागा पाच मीटरभर पुन्हा पुन्हा आली होती, आणि डोळा नेमका तीच धरून चालत होता. त्या दिवसापासून मी कुठलाही कागद आधी भिंतीवर चिकटवते, दहा फुटांवरून डोळे किलकिले करून बघते आणि मगच पुढे जाते.

ही गल्ली मोडायची तर नक्षीची ओळ अर्ध्यानं खाली उतरवतात. शेजारच्या उभ्या रांगेतलं फूल समोर न येता दोन फुलांच्या मध्ये येतं. याला हाफ ड्रॉप म्हणतात. तुमच्या चादरीवर बहुधा तेच असेल. गिरणीत गोल फिरणाऱ्या स्क्रीनवर छापायचं असेल तर आणखी एक बंधन येतं. त्या नळकांड्याचा घेर बहुतेक ठिकाणी 64 सेंटिमीटर असतो, त्यामुळे नक्षीही 64 मध्ये बसावी लागते, नाहीतर 32 मध्ये, नाहीतर 16 मध्ये. डिजिटल छपाईत ही अट नाही. पण गल्ली तिथेही पडतेच.

कलेक्शन म्हणजे नुसते दहा-बारा सुटे नमुने नव्हेत. त्यात एक मोठी, मुख्य नक्षी असते. तिच्याच कुटुंबातल्या दोन-तीन मध्यम नक्ष्या असतात, आणि सोबतीला बारीक ठिपके, रेघा, चौकटी, म्हणजे डोळ्याला विसावा. मग त्याच नक्ष्या तीन-चार रंगसंगतींत बसवायच्या. हे सगळं कागदावर जमतं. माझंही जमत होतं. अडलं ते भरतकाम आल्यावर.

आमच्याकडे सोलापूरला आजीच्या पिढीतल्या बायका इरकल नेसायच्या. आजीच्या एका काळ्या इरकलीवर कसूती भरलेली आहे. कसूती हे धारवाड-हुबळीकडचं भरतकाम. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी असे त्यात चार टाके. कन्नडमध्ये नेय् म्हणजे विणणं, म्हणून नेगी विणल्यासारखी दिसते. मेंथी म्हणजे मेथी, ती फुलीच्या टाक्याची. आणि या चार टाक्यांत गोपुर, पालखी, हत्ती, राघू, तुळशीवृंदावन असं सगळं उभं राहतं. शेवटच्या वर्षी मी ठरवलं, छपाईवर कसूती भरायची.

मी काय केलं, तर नेहमीप्रमाणे आधी छापलं आणि मग मोकळ्या जागेत वृंदावन ट्रेस करून दिलं. धारवाडच्या ज्या बाईंकडे शिकायला जात होते त्यांना सगळे अक्का म्हणतात. अक्कांनी पेन्सिलीची रेघ बघितली, कापड माझ्याकडे परत सरकवलं आणि म्हणाल्या, “चितरू नको गं. मोज.”

कसूतीत आधी काही काढायचं नसतं. कापडाचे धागे मोजायचे आणि तेवढ्यावरच सुई घालायची. गवंतीत धावदोऱ्यासारखं एक सोडून एक जायचं आणि त्याच वाटेनं परत येताना मधल्या मोकळ्या जागा भरायच्या. गाठ मारायची नाही. म्हणजे सुई सुटली तिथेच ती परत पोचली पाहिजे. फांदीला फाटा फुटला की त्याच्या टोकापर्यंत जाऊन मूळ वाटेवर यायचं, आणि ही सगळी वाट पहिल्या टाक्याआधी डोक्यात हवी. अक्कांच्या डोक्यात ती असते. माझी पहिल्या दिवशी चार वेळा चुकली आणि चारही वेळा दोरा उसवावा लागला.

मग मी मोजून भरायला बसले. चार धागे आडव्या टाक्याला, चार उभ्या टाक्याला. वृंदावन पूर्ण झालं ते मिनारासारखं उंच आणि बारीक! कापडावर भिंग ठेवून ताणा-बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, मोजले तेव्हा उलगडा झाला. इंचाला ताण्याचे 48 धागे होते आणि बाण्याचे 36. चार-चार मोजले की उंची तिसऱ्या भागानं वाढणारच. तेव्हा आडव्या टाक्याला चार उभे धागे घ्यायचे आणि उभ्या टाक्याला तीन आडवे. मग दोन्हीकडे इंचाला बरोबर 12 टाके बसतात. चौकोन चौकोनच राहतो.

हे समजल्यावर मी छपाईची नक्षी नव्यानं मांडली. इंचाला 12 चौकटींचा कागद घेतला. 16 इंचांचं रिपीट, म्हणजे 192 टाके. छापायच्या पानाफुलांच्या कडाही त्याच चौकटींवर बसवल्या, आणि वृंदावनाची जागा पहिल्यापासून मोकळी सोडली. भरतकाम आता छपाईवर चिकटवल्यासारखं वाटत नाही. एकच नक्षी थोडी शाईनं आणि थोडी दोऱ्यानं पुरी होते.

तरी एक फटका बसायचा होता. पुढचं कापड आणलं ते कोरं असतानाच मी त्याचे उभे धागे मोजले होते, इंचाला 45. छापण्यापूर्वी खळ काढायला ते धुतलं, आटलं आणि 48 झालं. हिशेब मात्र 45 वर बेतलेला. 16 इंचांत जवळजवळ एक इंचाचा फरक पडला आणि ते सगळं बाजूला ठेवावं लागलं. कापड आधी धुवा, वाळवा, मग मोजा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. मी कापडाकडे कोरा कागद म्हणून बघत होते, त्यामुळे ते कानावरून गेलं.

खरं तर कच्छमध्ये हेच बघितलं होतं. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर धमडका गावातले, ठशांनी अजरख कापड छापणारे बरेच खत्री कारागीर भुजजवळ नव्या गावात येऊन वसले. त्या नव्या गावाचं नाव अजरखपूर. जुन्या गावचं पाणी बदललं होतं, आणि पाणी बदललं की रंग बदलतो. तिथे कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. भंगार लोखंड आणि गूळ काही दिवस पाण्यात आंबवून त्याचं द्रावण करतात आणि ते सागवानी ठशानं छापतात. हिरडा आणि लोखंड भेटले की कापडावर काळा उमटतो. तुरटीची छपाई तर जेमतेम दिसते. मंजिष्ठेच्या भट्टीत गेल्यावर तेवढीच जागा लाल होऊन बाहेर येते. ठसा मारणारा न दिसणारा लाल रंग रेघेवर रेघ बसवत जातो. मी वहीत ठशांची चित्रं काढत बसले. कापड आधी कसं तयार करतात, ते चार ओळींत उरकलं होतं. ती वही आता मी पुन्हा वाचते आहे.

आणखी एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. तीन इंचांचं वृंदावन भरायला मला सहा तास लागतात, अक्कांना दीड. बाजारात भाव ठरतो तो मीटरवर. तुमच्यापैकी ज्या घरी भरतकाम करून देतात त्यांनी कृपा करून दोऱ्याच्या लडीची किंमत लावून थांबू नये. प्रत्येक तुकड्यावर तास लिहून ठेवा. मीही माझ्या कलेक्शनमध्ये प्रत्येक कापडाखाली चिठ्ठी लावली आहे, किती टाके आणि किती तास.

मागच्या आठवड्यात शेवटचा तुकडा अक्कांना नेऊन दाखवला. त्यांनी तो आधी उलटा केला आणि मागून अंगठा फिरवला. अंगठा कुठे अडला नाही, तेव्हा सुलटा केला.

तुमच्या घरी, आजीच्या ट्रंकेत, अशी कसूतीची इरकल असेल तर आज बाहेर काढा. उलटी करून बघा. ठेवताना जुन्या घडीवर पुन्हा घालू नका, रेशमी पदर त्याच रेघेवर चिरतो. घडी थोडी सरकवून घाला आणि मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा.

नमस्कार.